सांडव्याची जाळी

अमेरिकेत जॉन्सटाउन गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला मातीचे जुने धरण होते. १८७९ साली ते श्रीमंतांच्या एका क्लबाने घेतले. कशाला? नावा फिरवायला, मासे धरायला. पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. ते परत बसवलेच नाहीत! गाडीवाट रुंद व्हावी म्हणून बांधाचा माथा खाली आणला. मासे पळू नयेत म्हणून सांडव्याला जाळी लावली.

३१ मे १८८९. पाऊस मोठा. जाळीत काडीकचरा अडला, पाणी माथ्यावरून वाहू लागलं. मातीच्या बांधाला हेच सोसत नाही. पाणी माती कापत जातं. बांध फुटला. २२०० हून जास्त माणसं गेली. आम्ही म्हणतो, चार मासे गेले असते तर काय बिघडलं असतं?

आपल्या तळ्याचा सांडवा पावसाआधी बघा. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपत असेल तर आतली माती वाहते आहे. त्याच दिवशी गावात सांगा.