सागरतळाची बखर

एखाद्या राज्याचा इतिहास लिहावयाचा असला, म्हणजे इतिहासकार जुन्या बखरी, ताम्रपट आणि शिलालेख धुंडाळतो. परंतु माणूस लिहावयास शिकला, त्यापूर्वी कोट्यवधी वर्षे समुद्र उचंबळत होताच. त्या काळी त्याचे पाणी किती थंड होते, पृथ्वीवर बर्फ किती साचले होते, हे कोणी नोंदवून ठेवले असेल? ही नोंद ठेवली आहे खसखशीच्या दाण्याएवढ्या एका जीवाने.

या जीवाचे नाव फोरॅमिनिफेरा. त्याचे शरीर एकाच पेशीचे असते. त्याच्या काही जाती समुद्राच्या वरच्या थरात पाण्याबरोबर तरंगत राहतात. अशा तरंगत्या जीवांना प्लवक म्हणतात. इतर जाती समुद्राच्या तळाशीच राहतात. पाण्यात विरघळलेली द्रव्ये घेऊन हा जीव आपल्याभोवती चुनखडीचे कवच रचतो. जीव मरतो आणि कवच गाळात मिसळते. खोल समुद्रात दोन-तीन सेंटिमीटर गाळ साचावयास सुमारे हजार वर्षे लागतात. म्हणून जहाजावरून लांब पोलादी नळी तळात खुपसून गाळ वर काढला, की लाखो वर्षांची बखर हाती येते.

पण ती वाचावयाची कशी? कवचातील ऑक्सिजनचे सर्व अणू सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक अणू हलके असतात. सुमारे पाचशे अणूंमागे एखादाच जड असतो. पाणी जितके थंड, तितके कवचात जड अणूंचे प्रमाण किंचित अधिक. शिकागो विद्यापीठातील हॅरोल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये हे तत्त्व मांडले. इवलेसे कवच तापमापक ठरले!

यूरी यांच्या प्रयोगशाळेत इटलीहून आलेले चेझारे एमिलियानी हे तरुण शास्त्रज्ञ काम करीत. गाळाच्या प्रत्येक थरातून त्यांनी प्लवकांची कवचे वेचून तपासली. तोपर्यंत आल्प्स पर्वतातील खुणांवरून चारच मोठी हिमयुगे मानली जात. एमिलियानी यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले, की थंडी आणि ऊब यांचे फेरे त्याहून अधिक वेळा आले होते. हिमयुगात उष्ण प्रदेशातील समुद्राचे पाणीही सुमारे सहा अंशांनी थंड झाले असावे, असे अनुमान त्यांनी काढले.

येथे इंग्लंडमधील निकोलस शॅकल्टन यांना शंका आली. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, तेव्हा हलक्या अणूंचे पाणी अधिक सहज उडून जाते. एरवी ते नद्यांवाटे समुद्रास परत मिळते. हिमयुगात मात्र ते बर्फ होऊन जमिनीवरच अडकते आणि समुद्रात जड अणूंचे प्रमाण वाढते. मग कवचे सांगतात ते थंडीविषयी, की बर्फाविषयी?

शॅकल्टन यांनी तळाशी राहणाऱ्या जातींची साक्ष काढली. खोल तळाचे पाणी आजही गोठण्याच्या बेतात असते. ते आणखी कितीसे थंड होणार? तरीही तेथील कवचांत जवळजवळ तेवढाच फरक आढळला. तेव्हा १९६७ मध्ये त्यांनी प्रतिपादन केले, की या फरकाचा मोठा भाग बर्फाच्या साठ्यामुळे आहे. एमिलियानी यांचे मोजमाप अचूक होते. अर्थ मात्र निराळा निघाला. कवचांवरून पृथ्वीवरील बर्फाचा हिशेब मांडता येऊ लागला. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी इतके पाणी बर्फात अडकले होते, की समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती.

पुढे हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील गाळ तपासून शॅकल्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखविले, की हिमयुगांचे फेरे पृथ्वीच्या भ्रमणातील संथ बदलांशी जुळतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकही अरबी समुद्राच्या गाळातील कवचांवरून प्राचीन पावसाळ्यांचा शोध घेतात.

आज पृथ्वी तापत आहे आणि बर्फ वितळत आहे. पुढे काय होईल, हे जाणण्यासाठी पूर्वी काय घडले, ते ठाऊक असावे लागते. कवच खोटे बोलत नाही. पण त्याला नेमका प्रश्न विचारणारा आणि मिळालेल्या उत्तरावरही पुन्हा विचार करणारा माणूस हवा.

शब्दार्थ
धुंडाळणे – कसून शोधणे; अनुमान – तर्काने काढलेला निष्कर्ष; प्रतिपादन करणे – कारणे देऊन मत मांडणे.

प्रश्न
१. फोरॅमिनिफेराच्या कवचास ‘तापमापक’ का म्हटले आहे?
२. शॅकल्टन यांनी तळाशी राहणाऱ्या जातीच का निवडल्या?
३. ‘मोजमाप अचूक होते, अर्थ मात्र निराळा निघाला,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.