अर्बुद आणि त्याचे क्षेत्र : मुखगत कर्करोगाच्या निदानाच्या अनुषंगाने

अर्बुदाचे परीक्षण करताना आपले लक्ष प्रामुख्याने गाठीकडे जाते. तिचा आकार, काठिण्य, वेदना व वाढीचा वेग यांची नोंद आपण करतो. ती गाठ ज्या मांसात, मेदात वा त्वचेत रुजली त्या क्षेत्राचे परीक्षण मात्र बहुधा राहून जाते. गेल्या काही दशकांत कर्करोगविषयक संशोधनाचा मोठा भाग या क्षेत्राकडे वळला आहे. मुखाच्या कर्करोगात तर निदान वेळेवर होणे वा हुकणे पुष्कळदा भोवतालच्या धातूंच्या अवस्थेवर ठरते. मराठवाड्यातील ग्रामीण वैद्याचा या रोगाशी संबंध वारंवार येतो, म्हणून प्रस्तुत लेखात त्याच अनुषंगाने विवेचन केले आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुद हा गोल, स्थिर, अल्प वेदना असणारा, खोल मुळाचा, सावकाश वाढणारा व न पिकणारा मांसोच्छ्रय म्हणून वर्णिला आहे. तो न पिकण्याचे कारण कफमेदाचे आधिक्य, दोषांचे स्थैर्य व त्यांचे ग्रथन असे सांगितले आहे. चिकित्सास्थानात, दोष अंशतः शिल्लक राहिल्यास अर्बुद पुन्हा उद्भवते, असा स्पष्ट इशारा आहे. याखेरीज सूत्रस्थानातील खवैगुण्याचा सिद्धांत सर्वांस परिचित आहेच : संचार करणारे दोष जेथे वैगुण्य असेल तेथे अडतात व तेथेच व्याधी उत्पन्न होते. या वर्णनांत स्थानाला महत्त्व आहे, हे निर्विवाद. तथापि प्राचीनांना आजचे पेशीशास्त्र ठाऊक होते असा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य नव्हे. असा मोह आपल्या लेखनात वारंवार दिसतो आणि त्याने शास्त्राचे हित होत नाही.

आधुनिक वैद्यकात हा विचार लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये मांडला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रोग यकृतात वारंवार पसरलेला आढळला, प्लीहेत मात्र क्वचित. रोगाचे बीज सर्वत्र जाते, पण अनुकूल भूमी मिळेल तेथेच ते रुजते, असे त्यांचे प्रतिपादन होते. काळ्या व मुरमाड जमिनीतला फरक जाणणाऱ्या आपल्या वाचकास ते वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कर्कपेशींच्या भोवती तंतू निर्माण करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, कोलॅजेनचे जाळे, सूक्ष्म रक्तवाहिन्या व रोगप्रतिकारक पेशी असतात. या सर्वांस मिळून आधारऊती म्हणता येईल. निरोगी आधारऊती विकृत पेशीस काही अंशी आवर घालते. कर्कपेशी मात्र संदेशद्रव्ये सोडून तिलाच आपल्या कामी लावतात. मग फायब्रोब्लास्ट वाढीस पोषक घटक पुरवतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, प्रतिकारक पेशी निष्प्रभ होतात. भरून येणाऱ्या व्रणात ज्या क्रिया काही काळ चालून थांबतात, त्याच येथे न थांबता चालू राहतात.

आपल्या भागात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. याचे प्रमुख कारण सुपारी. सुपारीतील अरेकोलिन फायब्रोब्लास्टना उत्तेजित करते, टॅनिनमुळे कोलॅजेन सहज विघटित होत नाही, आणि तांब्याच्या अंशामुळे तंतूंचे परस्परबंध घट्ट होतात. परिणामी श्लेष्मल त्वचेखालील मृदू ऊती दोरीप्रमाणे ताठ होते. केरळमधील ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करून १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७.६ टक्के रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीस, तंबाखूविनाही, कर्करोगजनक ठरवले. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, परंतु मावा हाही सुपारीचाच पदार्थ होय. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे सांगणाऱ्या रुग्णास निर्धोक समजू नये.

निदानातील खरी अडचण येथेच आहे. एरवी मुखातील व्रणाच्या कडा व तळ बोटाने चाचपल्यास लागणारे काठिण्य हे कर्करोगाचे महत्त्वाचे लक्षण. येथे संपूर्ण गालच कठीण असल्याने ते लक्षण लपते. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत असल्याने शेवटच्या दाढेमागील भाग दृष्टीस पडत नाही. रुग्णही अनेक वर्षांच्या त्रासास सरावलेला असतो. तलवाडा परिसरात "तिखट सोसत नाही, घास मोठा घेता येत नाही" या तक्रारीने येणारा रुग्ण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेला, तर उन्हाळ्याच्या तोंडावरच परततो. तोवर जो व्रण एक सेंटिमीटरचा होता तो जबड्याच्या अस्थीपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

म्हणून भेद जाणणे अगत्याचे. तंतुमयतेमुळे येणारा ताठरपणा बहुधा दोन्ही बाजूंस असतो व वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. काही आठवड्यांतच तोंड उघडणे झपाट्याने कमी झाले, त्रास एकाच बाजूस असला, कानाकडे कळ जाऊ लागली, दात हलू लागला वा गळ्यात गाठ लागली, तर कर्करोग जबड्याच्या स्नायूंत शिरल्याची शंका घ्यावी. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणासही हाच नियम. अशा ठिकाणी क्षारकर्म, अग्निकर्म वा प्रतिसारण करू नये. त्याने व्रणाचे मूळ स्वरूप बिघडते, बायॉप्सीचे वाचन कठीण होते आणि हाती असलेला काळ निघून जातो. गंडूष व स्नेहन यांचा उपयोग, कर्करोग नाही याची खात्री झाल्यानंतर, सुपारी पूर्ण बंद करवून करावा.

बायॉप्सीबाबत एक सूचना. केवळ पृष्ठभागाचा लहान तुकडा घेतल्यास त्यात कधी कधी फक्त शोथ वा तंतू आढळतात व अहवाल निर्दोष येतो. व्रणाची कड व पुरेशी खोली तुकड्यात असावी लागते. अहवाल आणि लक्षणे यांचा मेळ बसत नसेल तर पुन्हा तपासणीसाठी आग्रह धरावा. आजच्या वर्गीकरणात अर्बुद किती पसरले याच्याबरोबरच ते खाली किती मिलिमीटर शिरले यासही महत्त्व आहे.

चिकित्सेतही क्षेत्राचा विचार होऊ लागला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी स्तनकर्करोगाच्या १६०० स्त्रियांवर केलेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे अर्बुदाच्या भोवती लिडोकेन या साध्या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन दिले गेले. पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण त्यांच्यात ८६.६ टक्के, तर इतरांत ८२.६ टक्के आढळले. हा निष्कर्ष स्तनापुरता आहे. मुखरोगास तो तसाच लावता येणार नाही.

संशयित रुग्णास छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात अथवा बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात पाठवता येते. सोबतच्या चिठ्ठीत व्यसनाचा प्रकार व वर्षे, व्रणाची जागा, तो केव्हापासून आहे, गळ्यातील गाठी, आपण दिलेली औषधे आणि वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे. हे अंतर साध्या पट्टीने मोजता येते. प्रत्येक भेटीत ते केसपेपरवर नोंदवले, तर रुग्ण ऊसतोडीहून परतल्यावर तुलनेसाठी आपल्याजवळ आकडा असतो.