एसडीए, एसडीबी आणि माझा पराक्रम

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण मी कॉन्व्हेंटमध्ये असताना फक्त मार्कांसाठी पाठ केली होती. तिचा अर्थ कळला तो गेल्या सेमिस्टरला, लॅबमध्ये!

त्याचं झालं असं. आमच्या पीसीत लिनक्स एसएसडीवर होतं, शिवाय दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट, दुसरी नवी कोरी. मी वहीत लिहून ठेवलं, 'एसडीबी म्हणजे रिकामी'. दुसऱ्या दिवशी पीसी सुरू करून थेट एसडीबी फॉरमॅट करायला घेतली. 'यावर आधीच फाइल सिस्टिम आहे, पुढे जाऊ का?' असं कॉम्प्युटरने विचारलंसुद्धा! मी बेधडक 'वाय' दाबलं. प्रोजेक्ट गेला. रीस्टार्टमध्ये दोघींच्या नावांची अदलाबदल झाली होती.

असं का होतं? 'एसडी' हे कर्नलमधल्या ड्रायव्हरचं नाव, म्हणजे स्कझी डिस्क. साटा डिस्क आणि पेनड्राइव्हसुद्धा याच ड्रायव्हरकडे येतात. जी आधी सापडली ती ए, नंतरची बी. कर्नल आतमध्ये आकडेच वापरतो. मेजर नंबर 8 म्हणजे हा ड्रायव्हर. मायनर 0 म्हणजे एसडीए, 16 म्हणजे एसडीबी. मधले 15 नंबर पार्टिशन्सचे. थोडक्यात, हा शाळेतला रोल नंबर आहे. नवीन अॅडमिशन झाली की सगळ्यांचा बदलतो!

पूर्वीच्या आयडीई डिस्कचं बरं होतं. एचडीए म्हणजे पहिल्या केबलवरची मास्टर, एचडीबी स्लेव्ह. जागा ठरलेली, नाव ठरलेलं. तो जुना ड्रायव्हर 2021 मध्ये लिनक्स 5.14 मधून काढून टाकला.

फ्रीबीएसडीची पद्धत वेगळी. तिथे नेटवर्क कार्डाला ड्रायव्हरचंच नाव मिळतं. इंटेलचं कार्ड असेल तर ईएम0, रिअलटेकचं असेल तर आरई0. म्हणजे 'अमुक टीचरच्या वर्गातला मुलगा'. फायदा असा, की नाव वाचलं की कुठलं मॅन्युअल पान उघडायचं ते कळतं. तोटा असा, की कंपनी बदलली की नाव बदलतं आणि सेटिंगही बदलावं लागतं.

लिनक्समध्ये सगळ्याच कार्डांना ईटीएच0, ईटीएच1 म्हणत. सोपं, पण पुन्हा रोल नंबरच! दोन कार्डं असलेल्या सर्व्हरवर आतली आणि बाहेरची बाजू उलटली, तर फायरवॉल चुकीच्या दारावर पहारा देणार. म्हणून 2013 मध्ये सिस्टिमडीच्या 197व्या आवृत्तीत नवी नावं आली. ईएनपी3एस0 म्हणजे इथरनेट, पीसीआय बस 3, स्लॉट 0. उच्चारायला कठीण, पण हा बाकाचा पत्ता आहे. तिसरी रांग, पहिला बाक!

उरला तिसरा प्रकार, दाखल्यावरचा जनरल रजिस्टर नंबर. वर्ग बदला, बाक बदला, तो तोच राहतो. डिस्कच्या बाबतीत हे काम मॉडेल आणि सिरियल नंबर करतात. 'डेव्ह'मधल्या 'डिस्क' फोल्डरमध्ये 'बाय-आयडी' आहे, तिथे ही नावं मिळतात. शेजारच्या 'बाय-यूयूआयडी'मध्ये फाइल सिस्टिमची ओळख असते. माउंट करायला ती उत्तम, पण फॉरमॅट केलं की नवी मिळते. म्हणून पुसायची डिस्क ओळखायला सिरियल नंबरच बघा.

उद्या तुम्ही स्वतः ड्रायव्हर लिहाल तेव्हा आधी ठरवा, की नावाने काय सांगायचं आहे? कोण सांभाळतं, कुठे बसलंय, की मुळात कोण आहे? नुसतं 'कितवं सापडलं' एवढंच सांगणाऱ्या नावावर विसंबून काही पुसू नका.

आमचा प्रोजेक्ट आम्ही चार रात्री जागून पुन्हा लिहिला. वहीत आता सिरियल नंबर आहे. आणि ग्रुपमध्ये माझं नाव पडलंय 'एसडीबी'. ते मात्र रीस्टार्ट केलं तरी बदलत नाही!