बुंध्याला पडलेला मुळांचा फास

प्रश्न : लातूरच्या आमच्या अंगणातील कडुनिंबाचे खोड खांबासारखे सरळ जमिनीत शिरते; एक बाजू वाळते आहे. उपाय काय?

उत्तर : निरोगी वृक्षाचा बुंधा भूमीशी रुंदावत मुळांत विलीन होतो, तो विस्तार दिसत नसेल, तर भराव अधिक झाला आहे असे समजावे. लातूर-नांदेडची काळी, चिकण माती ओली झाली की हवा कोंडते, आणि रोपवाटिकेच्या पिशवीतच वेटोळे घेतलेले मूळ, खोड जाडावत जाते तसतसे, त्याच्या सालीतील अन्नवाहिन्या आवळीत जाते. बुंध्याशी मातीचा ढीग घालण्याची आपली रीत मला वृक्षद्रोहच वाटते. पावसाळा सरल्यावर, जमीन वाफशावर असताना, खुरप्याने हलक्या हाताने बुंधा मोकळा करावा. बोटाएवढे वेढे पटाशीने छेदावेत. सालीत रुतलेला तुकडा उपटू नये. सर्व वेढे एकाच साली तोडू नयेत, आणि बुंध्याशी पाणी साचणार नाही अशी तजवीज अवश्य ठेवावी.