वर्गात शिक्षकाचे उभे राहणे

आषाढात लोणावळ्याकडील किंवा अंदर मावळातील पत्र्याच्या शाळेत ज्यांनी शिकविले आहे, त्यांना हे सांगावयास नको की, मोठी सर आली म्हणजे शिक्षकाचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. अशा वेळी पुष्कळ शिक्षक आवाज चढवितात. घसा बसतो आणि मुलांस मात्र गुरुजी रागावले आहेत एवढेच कळते. वास्तविक मूल शब्दांच्या आधी शिक्षकाचा चेहरा, हात व उभे राहण्याची ढब वाचीत असते. ज्या कातकरी वा ठाकर मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी, त्यांची तर पहिली वाचनमाला हीच.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. एक मुलगा उत्तर देईना. मी त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिलो व म्हणालो, "बोल ना, घाबरतोस कशाला?" शब्द धीराचे होते, पण खाली बसलेल्या त्या मुलाला दिसली ती माझी उंची आणि वरून रोखलेली नजर. पुढे आठ दिवस तो शाळेत आला नाही. अखेर मी त्याच्या घरी गेलो, ओटीवर मांडी घालून बसलो, आजीने दिलेला कोरा चहा घेतला. मुलगा हळूहळू जवळ सरकला आणि माझ्या पिशवीतील खडू घेऊन त्याने जमिनीवर बैल काढला. तेवढ्या वेळात मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. १९४५ साली बोर्डीस काम सुरू झाल्यावर, मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच रूढ झाला.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याचेही असेच आहे. अमेरिकेतील मेरी बड रो यांना १९७० च्या सुमारास असे आढळले की, शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यास उत्तरे लांबतात व गप्प मुलेही बोलू लागतात. मात्र त्या वेळात घड्याळाकडे पाहू नये. मुलाने मान खाली घातली तर ती चोरी समजू नये. वडीलधाऱ्यांपुढची ती मर्यादाही असते.

छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने गेलीच. पण हाती रूळ घेऊन फिरण्याची सवय काहींची अजून सुटलेली नाही. मारला नाही तरी मुलांचे लक्ष फळ्यावर नसते, रुळावर असते.

सर कोसळू लागली की खुर्ची सोडावी, मुलांना गोलात घ्यावे व आपणही बस्करावर बसावे, ओठ सर्वांना दिसतील असे. गोष्ट अर्धवट राहिली असेल तर सर ओसरेपर्यंत ती हातांनी व चेहऱ्यानेच पुढे न्यावी.