तरुणांच्या हाती कॅमेरा : गावाचा प्रश्न, जगाचा प्रश्न

एखादा लघुपट तयार करावयाचा म्हटले, की पूर्वी मोठी सामग्री लागत असे. जड कॅमेरा, फिल्मची रिळे, ध्वनिमुद्रणाचे यंत्र, रसायनशाळा आणि या सर्वांसाठी शहराचा आश्रय. आज ही सामग्री मोबाइलच्या रूपाने गावातील तरुणांच्या खिशात आलेली आहे. चित्रण, ध्वनिमुद्रण व संकलन ही तिन्ही कामे एकाच यंत्रावर होऊ शकतात आणि तयार झालेली चित्रफीत काही क्षणांत दूरवर पोहोचते. साधनाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. त्या साधनाने काय सांगावयाचे, कोणाला सांगावयाचे आणि कोणत्या जबाबदारीने सांगावयाचे, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांनी लक्ष घालावे असा हा विषय आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत आपले विचार कोणत्याही माध्यमातून व्यक्त करण्याचा मुलांचा हक्क मान्य करण्यात आला आहे. भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. तेव्हा मुलांना व्यक्त होण्याची संधी देणे हा आपल्या औदार्याचा भाग नसून ते आपले कर्तव्य आहे, या भूमिकेतून पुढील विवेचन केले आहे.

एका कापलेल्या चित्रफितीचा धडा

माध्यमाचे सामर्थ्य समजून घ्यावयाचे तर आपल्याच राज्यातील एका दुःखद घटनेचे स्मरण ठेवावे लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ही माणसे भिक्षुकीवर उदरनिर्वाह करणाऱ्या भटक्या समाजातील होती. त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत मोबाइलवरून अशा अफवा पसरत होत्या. त्यांत एक चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत असे. वस्तुतः मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी कराची शहरात ती तयार करण्यात आली होती. मूळ चित्रफितीच्या अखेरीस मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवितात. हा शेवट कोणीतरी कापून टाकला आणि जागृतीची चित्रफीत भीतीची चित्रफीत झाली.

संकलन म्हणजे केवळ तांत्रिक कौशल्य नव्हे, हा या घटनेचा बोध आहे. काय ठेवावयाचे व काय कापावयाचे या निर्णयावर सत्य अवलंबून असते. ज्या विद्यार्थ्याने स्वतः दहा मिनिटांच्या चित्रणातून दोन मिनिटांची चित्रफीत केली आहे, त्याला आपण काय वगळले हे ठाऊक असते. म्हणून दुसऱ्याची चित्रफीत पाहताना, ‘यातून काय वगळले असेल?’ असा प्रश्न त्याच्या मनात सहज उभा राहतो. अफवेविरुद्ध दिलेल्या दहा व्याख्यानांपेक्षा हा अनुभव अधिक परिणामकारक ठरतो.

फोगो बेटाचा प्रयोग

या क्षेत्रातील एक मार्गदर्शक प्रयोग कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील फोगो बेटावर १९६७ मध्ये झाला. न्यूफाउंडलंड प्रांतातील या बेटावर विखुरलेल्या वस्त्यांतून सुमारे पाच हजार लोक राहत होते. किनाऱ्याजवळची मासेमारी तोट्यात गेली होती आणि बेटावरील लोकांचे अन्यत्र पुनर्वसन करावे असा विचार शासकीय पातळीवर चालू होता. त्या वेळी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो आणि मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डोनाल्ड स्नोडन यांनी मच्छीमार कुटुंबांशी बोलून पंचवीसहून अधिक छोटे चित्रपट तयार केले.

त्यांनी अनुसरलेली पद्धत पाहण्यासारखी आहे. तयार झालेले चित्रण प्रथम त्यात दिसणाऱ्या माणसांनाच दाखविण्यात येई आणि त्यांना नको असलेला भाग काढून टाकण्यात येई. नंतर हे चित्रपट बेटावरील वस्त्यावस्त्यांत दाखविले जात. आपली अडचण ती शेजारच्या वस्तीचीही अडचण आहे, हे त्यामुळे लोकांना प्रथमच स्पष्टपणे दिसले. पुढे तेच चित्रपट प्रांतिक शासनाला दाखविण्यात आले, मत्स्यव्यवसाय मंत्र्यांचे उत्तरही चित्रित करण्यात आले आणि ते बेटावर आणून लोकांना दाखविण्यात आले. लोकांनी सहकारी संस्था उभारली आणि बेट ओस पडले नाही. हे सर्व केवळ चित्रपटांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. लोकांचे संघटन आणि सहकार हेच त्यामागील खरे बळ होते. परंतु एकमेकांशी व शासनाशी बोलण्याचा मार्ग चित्रपटांनी मोकळा केला, हे निश्चित.

आपल्या देशातील उदाहरणे

माध्यम हाताळण्यासाठी फार मोठे शिक्षण लागते, हा समज आपल्याकडील अनुभवाने खोटा ठरविला आहे. अहमदाबाद येथील ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेने १९८४ मध्ये आपल्या सभासद स्त्रियांना व्हिडिओ चित्रणाचे शिक्षण दिले. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. भाजी विकणाऱ्या स्त्रियाही त्यांत होत्या. त्यांनी आपल्या व्यवसायातील अडचणी स्वतः चित्रित केल्या. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ मध्ये ग्रामीण स्त्रियांनी ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू केले आणि पुढे त्यांच्या वार्ताहर मोबाइलवर चित्रण करून बातम्या देऊ लागल्या. आपल्या सातारा जिल्ह्यातील म्हसवड या दुष्काळी भागातील गावी २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक आकाशवाणी केंद्र तेथील लोकांच्याच बोलीत कार्यक्रम देत आले आहे.

तरुणांपुरते पाहावयाचे तर युनिसेफ व युरोपातील दोन संस्थांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या एका उपक्रमात १२ ते २० वर्षे वयाच्या मुलामुलींनी बरोबर ६० सेकंदांच्या चित्रफिती तयार केल्या. वेळेच्या या बंधनातच शिक्षण आहे. एक मिनिट हाती असले, की मुख्य मुद्दा कोणता हे ठरवावेच लागते.

जागतिक प्रश्न कोठे सुरू होतो?

‘जागतिक प्रश्न’ म्हटले, की विद्यार्थी बहुधा पृथ्वीचे चित्र काढतात, ‘वसुंधरा वाचवा’ अशी घोषणा लिहितात आणि उत्सवापुरते काम संपते. घोषणेत वाईट काही नाही, परंतु तिच्यात शोध नाही. हवामानबदलाचा प्रश्न गावच्या विहिरीत, शाळेच्या छपरात आणि आईच्या स्वयंपाकघरात दिसतो. तेथून प्रारंभ करून विद्यार्थ्याने जगाकडे जावयास हवे.

दोन उदाहरणे घेऊ. पहिले उष्णतेचे. अनेक शाळांत काही खोल्या पत्र्याच्या, तर काही कौलारू वा स्लॅबच्या असतात. एप्रिल महिन्यात आठ दिवस, सकाळी दहा व दुपारी दोन वाजता दोन्ही प्रकारच्या खोल्यांत साध्या तापमापकाने तापमान घ्यावे व फळ्यावर लिहावे. त्या फळ्याचे, घामाघूम झालेल्या वर्गाचे आणि खोलीतील मुलांच्या अनुभवाचे चित्रण करावे. मग जगाचे आकडे जोडावे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइडचे नियमित मापन सुरू झाले. तेव्हा दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेले हे प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे. जागतिक हवामान संघटनेच्या अहवालानुसार २०२४ हे तोपर्यंतच्या नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. मात्र येथे शिक्षकाने एक सावधगिरी शिकवावी. आठ दिवसांच्या नोंदीवरून हवामानबदल सिद्ध होत नाही. कोणत्या छपराखाली मुलांना अधिक त्रास होतो, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. पण तेवढे सिद्ध झाले तरी ग्रामपंचायतीपुढे ठेवण्यासारखा एक ठोस प्रश्न तयार होतो.

दुसरे उदाहरण पाण्याचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमते. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर असेल आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्या छपरावर १,००,००० लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी ८०,००० लिटर उरते. २०० विद्यार्थ्यांना दररोज दोन लिटर पिण्याचे पाणी दिले, तर साठवण व शुद्धीकरणाची सोय असल्यास ते २०० दिवस पुरेल. हे गणित विद्यार्थ्याने स्वतःच्या शाळेचे छप्पर मोजून, स्वतःच्या आवाजात, तीन मिनिटांत मांडले तर त्याला घोषणेची गरज उरत नाही. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते आणि त्यामुळे अतिवृष्टीचा धोका वाढतो, हे शास्त्रीय तत्त्व मग याच चित्रफितीत सहज सांगता येते.

कामाच्या पायऱ्या

शाळेने वा युवक मंडळाने पाच-सहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटात मुलींचा सहभाग राहील हे पाहावे. कॅमेरा मुलांच्या हाती आणि वही मुलींच्या हाती, अशी वाटणी होऊ देऊ नये. कामे पाळीपाळीने बदलावीत.

प्रथम एकच प्रश्न एका वाक्यात लिहावा. ‘पाणी’ हा प्रश्न नव्हे. ‘आमच्या वाडीतील हातपंप मार्चमध्ये का आटतो?’ हा प्रश्न होय. नंतर त्याची माहिती किमान तीन ठिकाणांहून घ्यावी : प्रत्यक्ष निरीक्षण, अनुभवी माणसे आणि अधिकृत नोंदी. तिघांत विसंगती आढळल्यास ती लपवू नये. तीच बहुधा चित्रफितीचा सर्वांत बोलका भाग ठरते.

चित्रण करताना सूर्य पाठीशी असावा, मोबाइल स्थिर धरावा आणि प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद घ्यावे. अंधूक चित्र प्रेक्षक सहन करतात, पण न ऐकू येणारा आवाज सहन करीत नाहीत. म्हणून बोलणाऱ्याच्या जवळ जावे व वाऱ्याकडे पाठ करावी. पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटगीते घेऊ नयेत, कारण त्यांवर प्रताधिकार असतो. गावातील हलगी, जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या आजीचा आवाज किंवा रहाटाची करकर यांना तोड नाही. मात्र आजीचीही परवानगी घ्यावी. आता कृत्रिम प्रज्ञेच्या साहाय्याने न घडलेले दृश्यही निर्माण करता येते. असे दृश्य वापरलेच तर ते कृत्रिम आहे, असे पडद्यावर स्पष्ट लिहावे.

संमती आणि सुरक्षितता

ज्याचे चित्रण करावयाचे त्याची संमती आधी घ्यावी आणि तयार झालेली चित्रफीत त्याला दाखवून पुन्हा घ्यावी, हा फोगोचा नियम आपणही पाळावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने बंदी आहे. बालविवाह, व्यसन किंवा आत्महत्या यांसारख्या विषयांवर म्हणूनच चेहरे दाखवू नयेत आणि नावे व गावेही सांगू नयेत. चित्रफीत प्रसृत करावयाची असल्यास ती विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यावरून न करता शाळेच्या वा संस्थेच्या नावाने करावी. म्हणजे तिच्यावर येणाऱ्या बऱ्यावाईट प्रतिक्रियांचा भार एकट्या मुलावर पडत नाही.

मोठ्यांची कसोटी

या उपक्रमात खरी परीक्षा विद्यार्थ्यांची नसून आपली आहे. मुलांनी वृक्षारोपणाची चित्रफीत केली, की सर्वांना आनंद होतो. त्याच मुलांनी गेल्या वर्षी लावलेल्या रोपांपैकी आज किती जगली हे मोजून दाखविले, तर आनंद टिकेल का? गटाराचे पाणी ओढ्यात कोठे मिसळते हे त्यांनी दाखविले, तर ‘गावाची बदनामी केली’ असे म्हणून आपण त्यांना गप्प बसविणार का? एकदा गप्प बसविलेले मूल पुढील वेळी आपल्याला आवडेल तेच दाखविते आणि त्या दिवशी त्याचे शिक्षण थांबते.

यावर उपाय फोगो बेटानेच दाखविला आहे. चित्रफीत बाहेर जाण्यापूर्वी ती गावात दाखवावी. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व २६ जानेवारी या दिवसांच्या ग्रामसभा त्यासाठी सोयीच्या आहेत. प्रथम ज्यांच्याविषयी ती आहे त्यांनी पाहावी. वस्तुस्थितीची चूक असेल तर ती दुरुस्त करावी, पण केवळ अप्रिय आहे म्हणून एखादे सत्य काढावयास लावू नये. नंतर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी किंवा संबंधित खात्याचा कर्मचारी यांनी उत्तर द्यावे आणि विद्यार्थ्यांनी तेही चित्रित करावे. काय करता येईल, काय करता येणार नाही आणि का, केव्हापर्यंत होईल, एवढे स्पष्ट सांगितले तरी पुरे. निधी नसल्यास तसे सांगण्यात कमीपणा नाही. सहा महिन्यांनी त्याच जागेचे पुन्हा चित्रण करावे आणि दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवून पाहाव्यात.

अशा रीतीने तयार झालेली तीन मिनिटांची चित्रफीत जगभर गेली नाही तरी चालेल. हातपंप का आटतो हे ज्या मुलीने शोधून काढले, सर्वांसमोर मांडले आणि त्यावर सरपंचांचे उत्तर ऐकले, तिला जगातील पाण्याच्या प्रश्नाविषयीचे लेख समजावयास अडचण पडणार नाही. आपल्या प्रश्नाला उत्तर मिळते, हा अनुभव तिला आपण द्यावयाचा आहे. येत्या ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवणे हे कोणत्याही ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे.