लाल गारगोटीची ओळख

आमच्या वसतिगृहातील मुले सुट्टीवरून परतताना खिशांत दगड घेऊन येतात. सीना-भीमेच्या वाळूत, विहिरीच्या ढिगाऱ्यात ते मुबलक सापडतात. त्यांतला तांबूस, चकाकणारा दगड पुष्कळांना रत्न वाटतो.

सोलापूरची भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाची आहे. या काळ्या खडकात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिका त्यांत साचून गारगोटी व अकीक घडले. शुद्ध गारगोटी वर्णहीन असते. तिला रंग देते ते लोह : गेरूतल्या लोहसंयुगाने लाली येते, गंजासारख्या संयुगाने पिवळी-तपकिरी छटा. पिवळट अकीक तापवला की लाल होतो. प्राचीन मणिकारांना ही युक्ती ठाऊक होती. आपल्या शेजारच्या तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरीत, अकीकाचे मणी सापडले आहेत.

ओळखताना मात्र रंगावर विसंबू नये. दगड फोडून (डोळे सांभाळावेत!) आतली ताजी बाजू पाहावी, कित्येकदा लाली केवळ सालीपुरती असते. गारगोटी शिंपल्यासारखी वळणदार फुटते. तिच्यासारखाच दिसणारा कॅल्साइट सपाट बाजूंनी फुटतो, चाकूने ओरखडतो आणि लिंबाच्या रसाने फसफसतो. गारगोटीवर चाकू चालत नाही; उलट तीच काचेवर ओरखडा काढते. फरशीच्या खडबडीत पाठीवर ताजी बाजू घासून तांबडी रेघ उमटली, तर ते लोहखनिज समजावे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या आईंनी ग्रहशांतीसाठी ‘माणिक’ म्हणून घेतलेला खडा आमच्याकडे आणला. मजुरीतून साठवलेले पैसे त्यात गेले होते. खडा फोडणे शक्य नव्हते. काचेवर त्याने ओरखडा काढला, म्हणजे काच नव्हे. मग प्रयोगशाळेतील बारीक तराजूवर तो प्रथम हवेत आणि नंतर पाण्यात बुडवून तोलला. हवेतल्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागले, तर उत्तर 2.6 च्या आसपास आले. गारगोटी व अकीक यांची सापेक्ष घनता एवढीच असते. माणकाची सुमारे 4.

भागाकार त्यांच्या मुलीनेच फळ्यावर केला होता. त्या माउली बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. खडा त्यांनी परत नेला नाही. आज तो प्रयोगशाळेच्या कपाटात आहे आणि सापेक्ष घनतेचा पाठ आला की आम्ही तोच काढतो.